झाकणाचा डबा: चाकांचा प्लास्टिकचा की ड्रम कापून केलेला?

उंदरांच्या त्रासापायी ग्रामसभेत ठराव झाला, किराणा दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांना झाकणाचा डबा सक्तीचा झाला, आणि आता डबा कोणता घ्यायचा यावर घोळ चालू आहे, अशा गावासाठी हा आढावा. घरातल्या बादल्यांचा प्रश्न नाही. झाकण नीट बसत असेल तर कुठलीही चालते. प्रश्न आहे चौकातल्या, हॉटेलासमोरच्या आणि आठवडी बाजारातल्या मोठ्या डब्यांचा. तिथं खरे उमेदवार दोनच: १२० लिटरचा चाकांचा प्लास्टिकचा डबा आणि २०० लिटरचा ड्रम मधोमध कापून अँगलच्या स्टँडवर बसवलेला लोखंडी डबा. सिमेंटच्या कुंडीला झाकण टिकत नाही, तिचा विचार सोडा.

प्लास्टिकचा डबा दिसायला देखणा, गंजत नाही, धुवायला सोपा. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून बिलासकट येतो, म्हणून ग्रामसेवकालाही ऑडिटची धास्ती नसते. हे कमी लेखू नका. पण पैशाचं गणितही बघा. स्वच्छ भारत मिशनच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला ४५ रुपयांपर्यंत तरतूद ठरली. म्हणजे ३,००० वस्तीच्या गावाला फार तर १ लाख ८० हजार. त्यातच खताचे टाके, तीनचाकी गाडी, शेड. इतक्यात डबे पुन्हापुन्हा घेणं परवडत नाही.

उंदीर प्लास्टिक कुरतडतो ही तक्रार अर्धीच खरी आहे. गुळगुळीत सपाट भिंतीवर त्याचा दात धरत नाही, त्याला कड लागते. ती कड दोन ठिकाणी सापडते: तळाच्या निचऱ्याच्या भोकाला, कारण तिथलं बूच सगळ्यात आधी हरवतं, आणि उन्हाने वाकलेल्या झाकणाच्या काठाला. मोठ्या उंदराला साधारण १२ मिलिमीटरची फट पुरते, लहान घरउंदराला ६ मिलिमीटरची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेवढ्या उन्हात झाकण इतकं वाकायला वेळ लागत नाही.

तरीही प्लास्टिकवरून माझं मत फिरलं ते कुरतडण्यामुळे नाही. फिरलं ते झाकणाच्या एका खोडीमुळे. चाकांच्या डब्याचं झाकण उघडलं की पार मागे जाऊन पाठीवर लोंबतं. कचरा टाकणारा टाकून निघून जातो, झाकण तसंच. हॉटेलवाला रात्री गल्ला मोजेल, शटर ओढेल, पण डब्यामागे हात घालून खरकट्याने चिकट झालेलं झाकण पुढे ओढणार नाही. उंदराचा वावर रात्रीचा, आणि नेमका रात्रभर डबा आ वासून उभा. ठरावात झाकण आहे, डब्याला झाकण आहे, डबा मात्र उघडा.

दोष डब्याचा म्हणता येत नाही. तो बनवलाय यंत्राने उचलण्यासाठी: पुढच्या काठात गाडीचा दांडा अडकतो, डबा उलटतो, झाकण आपोआप बाजूला पडतं. न्यूयॉर्कने १२ नोव्हेंबर २०२४ पासून नऊ घरांपर्यंतच्या इमारतींना घट्ट झाकणाचे डबे सक्तीचे केले, तेव्हा तिथला ठरवून दिलेला डबाही यंत्राने उचलता येईल असाच काढला. आपल्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली आणि दोन माणसं. ओल्या कचऱ्याने भरलेला डबा ४०-५० किलोचा. ती माणसं झाकणाला धरूनच तो उलटा करतात. दोन प्लास्टिकच्या पिनांवर सगळा भार येतो. पिन तुटली की झाकण वेगळं, मग कुणाच्या तरी गोठ्यात पाण्याचं भांडं म्हणून दिसतं.

ड्रमच्या डब्यात हीच गोष्ट वेल्डिंगवाल्याकडून हवी तशी करून घेता येते. १८ गेजच्या पत्र्याचं झाकण, ड्रमच्या तोंडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मोठं, काठ तीन सेंटिमीटर खाली वळवलेला. मागे दोन जाड कब्जे आणि त्यांच्या मधे एक पट्टी उभी वेल्ड केलेली, जिच्यामुळे झाकण ८० अंशांच्या पुढे जाऊच शकत नाही. हात सुटला की तीन-साडेतीन किलोचं झाकण स्वतःच्या वजनाने पडतं. बंद करायची आठवण कुणाला ठेवावी लागत नाही. ही पट्टी सांगितल्याशिवाय कुणी लावत नाही, आणि तिच्याविना ड्रमही प्लास्टिकइतकाच उघडा राहील. काठाला सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवा. बोटं वाचतात, रात्रीचा आवाजही कमी होतो.

एका ड्रमचे दोन डबे होतात, पण दोन्ही अर्धे सारखे नसतात. वरच्या अर्ध्यात दोन बुचं असतात, मोठं दोन इंची. तो अर्धा उलटा बसवला की ते भोक तळाला येतं आणि उंदराला दरवाजाच मिळतो. त्यावर पत्रा वेल्ड करा. निचऱ्यासाठी दोन्ही डब्यांच्या तळाला ५ मिलिमीटरच्या बिटने सात-आठ भोकं पुरतात. डबा ज्यांवर फिरतो त्या स्टँडच्या पिना अर्ध्या ड्रमच्या उंचीच्या मध्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या आणि डबा आपोआप फिरू नये म्हणून बाजूला कडी ठेवा. पिना खाली गेल्या तर भरलेला डबा कडी काढताच अंगावर येतो. वर असल्या तर एकटा माणूस तो घमेल्यात ओततो. फवारणीच्या औषधाचा ड्रम घेऊ नका. डिझेलचा किंवा थिनरचा असेल तर गॅस कटर मुळीच लावू नका, आत राहिलेल्या वाफेने स्फोट होतो. पाणी भरून छिन्नीनेच कापा.

ड्रमचेही तोटे आहेत. ओल्या कचऱ्याचं पाणी तळ खातं, म्हणून आतून-बाहेरून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि दरवर्षी पावसाळ्याआधी एक हवाच. मे महिन्यात झाकणाला हात लावता येत नाही. मुठीवर पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवावा लागतो. दोन्ही हात भरलेले असले की झाकण उचलणं जड जातं, आणि मग लोक पिशवी डब्याशेजारी ठेवून जातात. यावर माझ्याकडे उपाय नाही. भंगारवाल्याच्या नजरेतही लोखंडच आधी भरतं. स्टँडचे पाय सिमेंटात रोवलेले बरे.

पाय रोवताना तळ जमिनीपासून फूटभर उंच ठेवा आणि खाली फरशी टाका. प्लास्टिकचा डबा मातीवर टेकतो, त्याच्या आडोशाने घूस बीळ काढते आणि डबा बाजूला केल्याशिवाय ते दिसत नाही. डब्यापासून पऱ्हाटीचा ढीग आणि ढेपेची पोती लांब हवीत. जवळ असली तर झाकणाचा काही उपयोग नाही. सोयाबीन निघाल्यावर वावरातले उंदीर गावाकडे सरकतात, तेव्हा डबे आधी तयार ठेवा. चौकात खरकटं उघडं असलं तर उंदीर झिंक फॉस्फाइड या विषाच्या आमिषाला सहसा तोंड लावत नाही, हेही विसरू नका.

ठरावात नुसतं ‘झाकणाचा डबा’ लिहू नका. ‘हात सोडताच बंद होणारं झाकण, ६ मिलिमीटरपेक्षा मोठी फट नाही, तळ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच’ असं लिहा. मग प्लास्टिकवालाही या अटींत बसणारा डबा आणून देत असेल तर जरूर घ्या. शाळा आणि अंगणवाडीत मी तरी प्लास्टिकचाच ठेवेन, कारण तिथं जड झाकण पोरांच्या बोटांवर पडेल आणि संध्याकाळी ते लावायला शिपाई किंवा मदतनीस असते.