नोव्होपेन ४: पेन चांगलं, सुईची कंजुषी नको

सिरिंज सोडून इन्सुलिनचं पेन घ्यायचं ठरलं, तर आधी डॉक्टरांनी कुठल्या कंपनीचं इन्सुलिन लिहिलंय ते बघा. नोव्होपेन ४ मध्ये नोव्हो नॉर्डिस्क कंपनीचीच ३ मिलीची पेनफिल कार्ट्रिज (इन्सुलिन भरलेली काचेची नळी) चालते. लिली, सॅनोफी या कंपन्यांची यात घालू नका.

डोस १ ते ६० युनिट, एकेका युनिटने. जास्त फिरवला गेला तर उलट फिरवा, इन्सुलिन वाया जात नाही. आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कार्ट्रिज मध्येच संपली तरी हिशेब चुकत नाही. २० लावले आणि आकडा ६ वर अडला, तर १४ गेले. नवी कार्ट्रिज घालून राहिलेले ६ घ्यायचे. काचेत इन्सुलिन दिसतंय आणि तरी बटण अडतंय? मग सुई तुंबलीय.

‘पेन गळतं’ ही तक्रार बहुतेक वेळा पेनची नसतेच. सुई लावूनच पेन ठेवलं की उष्णतेने इन्सुलिन फुगून बाहेर येतं, गार झालं की हवा आत शिरते. दरवेळी नवी सुई (४ मिमीची पुरते), २ युनिट हवेत सोडून टोकाशी थेंब बघायचा, टोचल्यावर बटण दाबून धरत दहा आकडे मोजायचे, मग सुई काढून टाकायची. रोज एकाच जागी टोचाल तर तिथे गाठ येते आणि तिथून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं.

३०/७० मिश्रण (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणारं इन्सुलिन) असेल तर पेन तळहातांत १० वेळा घोळवा, १० वेळा वरखाली करा. सगळं एकसारखं दुधाळ दिसलं पाहिजे. आतली काचेची गोळी त्यासाठीच असते. १२ युनिटपेक्षा कमी उरलं की ती नीट फिरत नाही, कार्ट्रिज बदला.

सिरिंजने कार्ट्रिजमधलं इन्सुलिन काढणं मात्र जिवावरचा खेळ. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत एका मिलीत ४० युनिट, कार्ट्रिजमध्ये १००. ४० च्या बाटलीसाठीच्या लाल टोपीच्या सिरिंजवर १० चा आकडा म्हणजे इथे २५ युनिट!

वापरातलं पेन फ्रीजबाहेर, ३० अंशांखाली. विदर्भातल्या मे महिन्यात ओल्या वाळूच्या मडक्यात कोरडा, घट्ट झाकणाचा डबा ठेवून त्यात पेन ठेवता येतं. किती आठवडे चालेल ते इन्सुलिनवर ठरतं, खोक्यातला कागद वाचा.

लहान मुलांना अर्ध्या युनिटची गरज पडते, तिथे हे पेन उपयोगाचं नाही. नोव्होपेन इको बघा.