खानदेशात पहिलं बोन्साय: पिंपळ, चिंच की हिवर?

रोपवाटिकेतून परदेशी फायकस (वड-पिंपळाच्याच कुळातलं झाड) उचलण्याआधी गावाबाहेर एक चक्कर मारा. पडक्या गढीच्या भिंतीतून निघालेला पिंपळ, रस्त्याकडेची जुनी चिंच, बांधावरचा हिवर: नमुने समोर उभेच आहेत. प्रश्न एवढाच, की यातला बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये कोणता नीट जमेल?

पिंपळ सगळ्यांत चिवट. मुळं छाटली तरी जगतो, बुंधा लवकर भरतो, दगडाला धरून मुळं उतरवायची असतील तर याच्यासारखा दुसरा नाही. अडचण पानाची. पान मोठं, देठ लांब, त्यामुळे वीतभर झाडाचं प्रमाण बिघडतं. सगळी पानं खुडली की नवी लहान येतात, पण मोठ्या झाडाचा भास तरी अपुराच राहतो. पारंब्यांच्या आशेने वड घेणार असाल तर थांबा. पारंब्यांना दमट हवा लागते आणि ती आपल्याकडे पावसाळ्यापुरतीच.

हिवर मला दिसायला सर्वांत देखणा वाटतो. पसरट माथा, फिकट पिवळसर साल, खरं माळरान. मात्र सोटमूळ एकदम तोडलेलं त्याला सोसत नाही आणि फांदीला वळण द्यायला काट्यांतून तार गुंडाळणं जिकिरीचं. हाताला सवय झाल्यावरच घ्या, तेही लहान रोपापासून.

माझं मत चिंचेला. तिची पर्णिका, म्हणजे पानातलं एकेक छोटं पान, मुळातच नखाएवढी, म्हणून फूटभर झाडही मोठ्या वृक्षासारखं दिसतं. शेंडा खुडला की खालच्या डोळ्यांतून फुटवे येतात, वर्षागणिक फांद्यांची जाळी दाट होते. साल काळपट, उभ्या भेगांची. संध्याकाळी पानं मिटतात तेव्हा फांद्यांची ठेवण उघडी पडते. कुठली छाटायची ते तेव्हाच नीट कळतं. कोवळ्या फांदीलाच तार घाला, जून झाली की ती वळत नाही. खोड मात्र सावकाश जाड होतं. तेवढा धीर नसेल तर पिंपळच बरा.

कुठलंही घ्या, शेतातली काळी माती कुंडीत नको. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. चाळलेला मुरूम, विटेचे बारीक खडे आणि थोडं कुजलेलं शेणखत पुरेसं आहे. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा उथळ ट्रे दुपारी हिरव्या जाळीखाली ठेवा आणि पाणी सकाळ-संध्याकाळ द्या.

सातपुड्यातून झाड उपटून आणू नका. पूर्ण पिकलेल्या चिंचेचे चिंचोके रात्रभर भिजवा आणि जूनमध्ये पेरा.