टर्पेंटाइन की स्प्रे? वासरांच्या आसडीवर पावसाळाभर वापरून पाहिलं

आसडी म्हणजे जनावराच्या जखमेत पडणाऱ्या माशीच्या अळ्या. त्यासाठी जूनपासून दिवाळीपर्यंत गोठ्यात टर्पेंटाइन तेल आणि जखमेवरचा आयुर्वेदिक स्प्रे असं दोन्ही ठेवलं होतं. माझं मत असं झालंय: आसडी बाहेर काढायची ती तेलाने, पुन्हा पडू नये म्हणून स्प्रे. दुकानदार नुसता स्प्रे हातावर ठेवतो. कानातल्या बिल्ल्याची किंवा शिंगं जाळल्याची वरवरची जखम असेल तर तेवढ्यावर भागतंही. खोल जखमेत मात्र वरच्या चार अळ्या गळून पडतात आणि आत पोखरणं चालूच राहतं.

श्रावणात एका कालवडीची नाळ चिघळली. आचळाला तोंड लावेना, सारखी पोटाकडे मान वळवायची. बेंबी सुजलेली, मधोमध भोक, त्यातून रक्ताळ पाणी आणि आसडीचा तो कुजका वास. नाळेची जखम पोटाला लागून असते, तिथे आपली कलाकारी नको, म्हणून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी भोवतालचे केस कापले, कातडीला व्हॅसलीन लावलं आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेला गॉजचा बोळा आत बसवला. अळी डोकं मांसात खुपसून बसते, पण श्वास शेपटाकडून घेते. तिकडून कोंडली की ती वर सरकते. थोड्या वेळाने बोळा काढला तर कडेला वळवळ सुरू! मग चिमट्याने एकेक वेचून काढली. मेलेली आत राहिली तर तीच कुजते, म्हणून तळ दिसेपर्यंत सोडायचं नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावलं, कडेने स्प्रे मारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोळा बसवला, तेव्हा उरलेल्याही निघाल्या. वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिन या जंत-अळ्या मारणाऱ्या औषधाचं इंजेक्शनही कातडीखाली दिलं. त्याचा फरक पडतो, पण दुभत्या गाईला ते परस्पर टोचू नका, औषध दुधात उतरतं.

तेलाचे तोटेही आहेत. आग फार होते, वासरू धरायला दोन माणसं लागतात. ओतलं तर कातडी सोलते, डोळ्याजवळ तर नकोच. अळ्या संपल्या की तेल बंद, नाहीतर नवं मांस धरत नाही. वासराला मुसकं बांधा, गाईलाही चाटू देऊ नका. याच कारणासाठी फिनेल आणि डांबरगोळीची पूड मी गोठ्यातून हद्दपार केली.

स्प्रेच्या वासाने माशी लांब राहते हे खरं, पण पावसात तो टिकत नाही, सकाळ-संध्याकाळ मारावा लागतो. माशी एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते आणि ती दिवसभरात फुटतात, त्यामुळे एक पाळी चुकली तरी भोवतं. डॉक्टर यायला उशीर असेल तर सीताफळाच्या पाल्याचा लेप पहिल्या दिवसापुरता चालतो, आमच्याकडे एका गोऱ्ह्याच्या खुराच्या जखमेला चांगला लागू पडला.

तेल घ्यायचं ते जनावरांच्या औषधाच्या दुकानातून. रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळतं ते बहुतेकदा पेट्रोलियमचं असतं, ते जखमेत घालायचं नाही.