कमोडोर ६४ नेटला जोडायचाय? वायफाय मोडेम, इथरनेट कार्ड की अल्टिमेट

आधी एक क्लिअर करून टाकतो, यातलं काहीही घेतलंत तरी कमोडोर ६४ वर बँकेची साइट उघडणार नाहीये. १९८२ चं घरगुती कॉम्प्युटर मशीन, जेमतेम १ मेगाहर्ट्झवर चालणारा ६५१० प्रोसेसर, ६४ केबी रॅम, आणि आजकाल जवळपास सगळ्या साइट्सना एचटीटीपीएस लागतं, त्यातलं एन्क्रिप्शनचं गणित ह्याचं होईपर्यंत समोरचा सर्व्हर कंटाळून कनेक्शन तोडून मोकळा. मग जोडायचं कशाला? टेल्नेटवर (नुसत्या मजकुराचं कनेक्शन) अजूनही चालू असलेल्या बीबीएस, म्हणजे मोडेमने डायल करायच्या जुन्या काळच्या संदेश-फाइलींच्या अड्ड्या आहेत, आयआरसी म्हणजे जुनं चॅट आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त उपयोग होतो पीसीवरच्या डिस्क इमेज (फ्लॉपीची फाइलरूपातली नक्कल) मशीनवर आणायला. ह्यातलं तुम्हाला काय हवंय त्यावरच कुठलं घ्यायचं ते ठरतं.

स्वस्तात मस्त म्हणजे यूजर पोर्टला (मशीनच्या मागच्या जोडणीला) लागणारा वायफाय मोडेम. आत ईएसपी८२६६ (वायफायची चिप) असतो, त्याचा नोडएमसीयू बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो, त्याला मोडेमसारखं वागवणारं झिमोडेम फर्मवेअर फुकट आहे. ह्यात भारी काय तर कमोडोरला वायफायचा पत्ताच नसतो, त्याच्या लेखी फोन लाइनवरचा जुना हेज मोडेम जोडलाय, तुम्ही एटीडीटी ही डायल करायची कमांड टाइप करून फोन नंबरच्या जागी सर्व्हरचं नाव नि पोर्ट टाकायचा, टीसीपी/आयपीची, म्हणजे नेटवर बोलायची, सगळी हमाली ईएसपी करतो.

घोडं अडतं स्पीडला. यूजर पोर्टवर सिरियलसाठी वेगळी चिप नाही, सॉफ्टवेअरच एकेक बिट मोजत बसतं, त्यामुळे २४०० बॉडच्या वर भरवसा नाही. २४०० म्हणजे सेकंदाला साधारण २४० अक्षरं, म्हणजे ४० बाय २५ चा स्क्रीन भरायला चार सेकंद, रंगीत पेट्स्की (कमोडोरच्या अक्षर-चिन्हांची) चित्रं असतील तर आणखी. ह्यावर उपाय यूपी९६०० चं वायरिंग, थोड्या जास्तीच्या पिना जोडायच्या आणि सीसीजीएमएससारख्या टर्मिनलमध्ये (बीबीएसशी बोलणारा प्रोग्राम) तो ड्रायव्हर निवडायचा, मग तोच स्क्रीन सेकंदाभरात. तयार मोडेम घेत असाल तर विकणाऱ्याला एवढंच विचारा की यूपी९६०० चालतं का, नाही म्हणाला तर दुसरा बघा.

घरी बनवणार असाल तर पोर्टचं लॉजिक ५ व्होल्टचं आणि ईएसपी ३.३ चा, मध्ये व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर टाका. पोर्टवरच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून अधिकृतपणे १०० मिलिअँपच घ्यायचे असतात, ईएसपी सिग्नल पाठवताना त्याच्या कितीतरी वर उडी मारतो, म्हणून मी तर म्हणेन की बोर्डला यूएसबी चार्जरने पॉवर द्या, ग्राउंड कॉमन करा आणि पोर्टची ५ व्होल्टची पिन मोकळी सोडा. चालू मशीनमध्ये काही लावू-काढू नका, पोर्ट सांभाळणारी सीआयए चिप जाते. आणि ईएसपी८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, राउटरवर ५ वालं नाव निवडून शोधत बसू नका.

इथरनेटचं म्हणाल तर आरआर-नेट किंवा ६४एनआयसी+ सारखी कार्डं, एक्स्पान्शन पोर्टला, म्हणजे कार्ट्रिज लावायच्या जागी. कागदावर १० एमबीपीएस, ऐकायला छान वाटतं, पण इथे हमाल कुणी नाही, टीसीपी/आयपी त्या १ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरलाच करायचंय, आणि मोडेमसाठी लिहिलेल्या साध्या टर्मिनलला हे कार्ड दिसतच नाही. त्यासाठी खास लिहिलेलं सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे २००३ साली अ‍ॅडम डंकेल्सने आणलेली कॉन्टिकी ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम, किंवा आयपी६५ ही टीसीपी/आयपीची लायब्ररी वापरून केलेले प्रोग्राम. तुम्ही स्वतः असेम्ब्ली किंवा सीसी६५ (सी कंपायलर) मध्ये कोड लिहिणारे असाल तर ह्याच्यासारखी मजा कशात नाही, खरे पॅकेट हाताळायला मिळतात. बाकीच्यांनी ह्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

अल्टिमेट-टू प्लस हे कार्ट्रिज म्हणजे एफपीजीएमध्ये (हवं ते सर्किट बनवता येणाऱ्या चिपमध्ये) बसवलेला अख्खा १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह, १६ एमबीपर्यंतची एक्स्ट्रा मेमरी, यूएसबी आणि लॅन पोर्ट. पीसीवरून एफटीपीने फाइल ढकला आणि सरळ चालवा. शिवाय ते स्विफ्टलिंक या सिरियल कार्ट्रिजची आणि त्याला जोडलेल्या मोडेमची नक्कल करतं, म्हणजे ३८४०० बॉड, तेही यूजर पोर्टला हात न लावता. पण किंमत १०० युरोच्या वर, वर शिपिंग आणि कस्टम्स, आणि नुसत्या बीबीएससाठी एवढा खर्च मला तरी पटत नाही. तुमच्याकडे चालू ड्राइव्ह नसेल तर मात्र गणित पूर्ण बदलतं, कारण जुना १५४१ शोधून, मागवून, दुरुस्त करून तेवढेच पैसे जातात, आणि वर फ्लॉपी मिळवायची कटकट. तसं असेल तर डोळे मिटून अल्टिमेट घ्या, नेट त्यात बोनस. ड्राइव्ह आहे, फक्त बीबीएसवर भटकायचंय, तर नोडएमसीयू.

आणि ह्यातलं काहीही लावायच्या आधी पॉवर सप्लाय बघा. ओरिजिनल काळा ठोकळा बिघडला की ५ व्होल्टच्या लाइनवर जास्त व्होल्टेज सोडतो आणि रॅम चिप उडवतो, कार्ट्रिजही सोबत जाऊ शकतं. मोबाइल चार्जरचा जुगाड इथे पुरत नाही, कारण मशीनला ९ व्होल्ट एसी पण लागतं. कुणी अमेरिकेहून मशीन आणून दिलं असेल तर त्याचा सप्लाय १२० व्होल्टचा, आपल्या २३० मध्ये थेट घालू नका. मल्टिमीटरवर आज ५ दिसले म्हणजे पुढच्या महिन्यात पण दिसतील असं नाही, त्यामुळे सरळ नवा सप्लाय घ्या, किंवा निदान मध्ये ओव्हरव्होल्टेज कापणारं सर्किट टाका.