‘१९५७ चा ओरिजिनल सेट’: स्लॉट कारच्या नावाखाली बेळगावात आम्हाला असं फसवलं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कुणी स्लॉट कार रेसिंगचा छंद सुरू करणार असेल आणि त्यासाठी जुना सेट मागवायचा विचार करत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमच्या घरातले सोळा हजार रुपये गेलेत, आणि ज्यानं ते घेतले त्याचा धंदा अजून चालू आहे.

हा खेळ ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रॅकचे तुकडे एकमेकांत अडकवून रस्ता तयार करायचा. प्रत्येक लेनच्या मधोमध एक खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या नाकाखालचा गाईड त्या खाचेत बसतो, त्याच्याजवळच्या तांब्याच्या वेण्या पट्ट्यांवरून वीज उचलतात. हातातल्या कंट्रोलरचा खटका जेवढा दाबाल तेवढा वेग. स्टिअरिंग नसतं, पण वळणावर खटका वेळेत सैल केला नाही तर गाडी खाचेतून उडालीच. सगळं कसब त्या एका बोटात. माझ्या पुतण्याला आणि मला याचं वेड लागलं ते त्यामुळंच.

जाहिरात पुतण्याला मोबाईलवर दिसली. ‘स्केलेक्स्ट्रिक, १९५७ चा ओरिजिनल सेट, चार गाड्या, चालू कंडिशन.’ स्केलेक्स्ट्रिक हा स्लॉट कारचा जुना इंग्लिश ब्रँड. फोनवरचा माणूस पुण्याहून बोलतोय म्हणाला. बेळगावचं नाव ऐकल्याबरोबर त्याचा सूरच बदलला. ‘‘अहो काका, सीमाभागातले म्हणजे तुम्ही आमचेच की! तुमच्याकडून काय जास्त घ्यायचं?’’ या एका वाक्यानं इथल्या माणसाचं मन किती भरून येतं हे त्याला पक्कं माहीत होतं. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आहे. आमच्या आई-वडिलांनी जो आपलेपणा जपला, तो त्यानं गिऱ्हाईक गाठायला वापरला.

गाड्या पळतायत असा व्हिडिओ त्यानं पाठवला. अर्धे पैसे आधी, उरलेले पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीत चढवल्याची पावती दाखवल्यावर, असं ठरलं. पावती खरी होती, पार्सलही आलं.

खोक्यात काय होतं ते नीट सांगतो, कारण फसवणूक त्या तपशिलातच आहे. स्केलेक्स्ट्रिक इंग्लंडमध्ये १९५७ साली फ्रेड फ्रान्सिस यांनी बाजारात आणलं, हे खरं. पण त्या पहिल्या गाड्या पत्र्याच्या होत्या आणि ट्रॅक रबराचा होता. प्लॅस्टिकच्या गाड्या नंतर आल्या. आम्हाला मिळालेल्या चारही गाड्या प्लॅस्टिकच्या, ट्रॅकही कडक प्लॅस्टिकचा. दोन गाड्या तर नुसती टरफलं, आत मोटरच नाही. ट्रॅकचे तुकडे दोन प्रकारचे निघाले, जुना क्लासिक आणि नंतरचा स्पोर्ट. या दोघांचे सांधे वेगळे असतात, मधे जोडणारा खास तुकडा लागतो आणि तो खोक्यात नव्हता. म्हणजे पूर्ण फेरी कुठल्याच प्रकाराची होत नव्हती. व्हिडिओतला ट्रॅक दुसऱ्याच कुणाचा होता हे उघड आहे.

सगळ्यात भयंकर गोष्ट ट्रान्सफॉर्मरची. पुतण्या तो उद्यमबागेत मोटर वाइंडिंग करणाऱ्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे घेऊन गेला. त्यांनी खालची पट्टी वाचली आणि म्हणाले, ‘‘हे १२० व्होल्टचं आहे, अमेरिकेतलं. आपल्या २३० च्या लाईनला लावलं तर जळणार.’’ त्यावर पिन बदलणारा साधा अडॅप्टर चढवला होता. त्यानं फक्त प्लग बसतो, व्होल्टेज कमी होत नाही. हे पोरांच्या हातातलं सामान आहे हो! आग लागली असती तर?

फोन केला तर आधी ‘‘तुमच्याकडं व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल’’ म्हणाला. मग गोड होऊन ‘‘रिफंड करतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’’ म्हणाला. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. तिथंच आम्ही थांबलो, आणि त्यानं नंबर ब्लॉक केला.

१९३० या हेल्पलाईनला फोन करून सायबर पोर्टलवर तक्रार दिली आहे. विकणारा महाराष्ट्रात असला तरी तक्रार बेळगावात बसून करता येते, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. फोन तासाभरात गेला तर पैसे अडवले जाण्याची आशा जास्त, आमचं पार्सल यायलाच दोन रात्री गेल्या. तो धंदा म्हणून विकतोय याचा पुरावा मिळाला तर ग्राहक आयोगातही जाणार आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथल्या आयोगात दावा लावता येतो.

जुना सेट घ्यायचाच असेल तर व्हिडिओ कॉलवर तुमचं नाव लिहिलेला कागद ट्रॅकशेजारी ठेवायला सांगा आणि गाडी पूर्ण फेरी मारताना बघा. गाडी उलटी करून मोटर, गाईड, वेण्या दाखवायला लावा. ट्रान्सफॉर्मरवरची इनपुटची ओळ वाचून घ्या. ट्रॅक क्लासिक की स्पोर्ट, गाडी डिजिटल (म्हणजे एकाच लेनवर अनेक गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात ती) की साधी, हे विचारा. साधी गाडी चिप बसवल्याशिवाय डिजिटल पद्धतीनं चालवता येत नाही. कॅरेरा या दुसऱ्या कंपनीचे तुकडे स्केलेक्स्ट्रिकला सरळ जुळत नाहीत, ‘‘सगळं एकच असतं’’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. पट्ट्यांवर गंज आहे का तेही बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात तो आणखी वाढतो. मी तर म्हणेन, पहिला सेट लहान घ्या, पण नवा आणि बिलासकट घ्या, नाहीतर रात्रीची गाडी पकडून पुण्याला जा आणि स्वतः चालवून बघा.

त्याची जाहिरात आता दुसऱ्या नावानं परत लागली आहे. फोटो तेच: हिरव्या फरशीवर आठाच्या आकाराचा ट्रॅक, त्यावर एक पिवळी आणि एक निळी गाडी, आणि कोपऱ्यात फाटलेलं लाल खोकं.