गो चा घडीचा लाकडी सेट: बोर्ड एक नंबर, मोजणीला मात्र अपुरा

कोल्हापुरात महाद्वार रोड, राजारामपुरी सगळीकडं विचारून झालं, कॅरम बुद्धिबळ पायजे तेवढं पण गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी जागा घेरायचा पटावरचा खेळ) कुणाकडंच नव्हता, म्हणून शेवटी ऑनलाइन मागवला. एका बाजूला १९ बाय १९ रेषा, मागं १३ बाय १३, प्लास्टिकचे स्टोन म्हणजे सोंगट्या. बोर्ड खरंच लई भारी आहे, रेषा स्वच्छ, स्टोन ठेवला की आवाज पण छान येतो, आणि १८१ काळे १८० पांढरे बरोबर भरले.

पण गो चा सेट कसा आहे ते डाव संपताना कळतं. यात शहमात नाही, दोघांनी लागोपाठ पास दिला की डाव थांबतो आणि मोजायला बसायचं. सोबतच्या माहितीपत्रकात काय तर 'ज्याची जागा जास्त तो जिंकला', बास! अहो पण जागा धरायची कशी? जपानी पद्धतीत घेरलेले रिकामे पॉइंट (रेषा एकमेकींना छेदतात त्या जागा) अधिक समोरच्याचे पकडलेले स्टोन, चिनी पद्धतीत घेरलेले रिकामे पॉइंट अधिक बोर्डवर जिवंत, म्हणजे समोरच्याला पकडता न येणारे, आपले स्टोन. निकाल बहुतेक वेळा सारखाच येतो, फार तर एखाद्या पॉइंटचा फरक, पण शेवटच्या चाली बदलतात ना. दोघांच्या मधे उरलेले बेवारस पॉइंट, ज्याला दामे म्हणतात, ते जपानीत शून्याचे आणि चिनीत प्रत्येकी एकाचे, म्हणून तिथं ते भरल्याशिवाय पास द्यायचा नाही. कोमीचा तर उल्लेखच नाही! काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला जपानीत साडेसहा, चिनीत साडेसात पॉइंट देतात, हे सांगितल्याशिवाय हिशोब पुराच होत नाही.

परवा माझी पुतणी आणि शेजारचा पोरगा कोपऱ्यातल्या पांढऱ्या गटावर अडून बसले. "काका, हा मेलाय की!" "न्हाई, जिता हाय." मी म्हटलं चिनी मोजणी धरा आणि मारून दाखव. तिनं आपल्याच जागेत स्टोन टाकत टाकत गट उचलला. चिनीत त्याचा तोटा होत नाही, जपानीत मात्र समोरचा उत्तर न देता पास देत राहिला तर आपल्या प्रत्येक स्टोनमागं एक पॉइंट जातो. नवख्यांना म्हणूनच चिनीच शिकवा असं माझं ठाम मत आहे.

जपानी मोजायचं तर पकडलेले स्टोन वेगळे ठेवावे लागतात, शेवटी ते ज्याचे त्याच्याच जागेत भरायचे असतात. इथं झाकणाचे डबे नाहीत, नुसत्या पिशव्या, आम्ही स्टीलच्या वाट्या घेतल्या. आणि घडी नेमकी मधल्या रेषेवर येते, त्यामुळं मोजायला सोपं जावं म्हणून जागेचे दहा-दहाचे चौकोन लावताना तिथले स्टोन हलतात.

पाचपैकी साडेतीन. घ्यायचा तर घ्या, फक्त कार्डबोर्डवर ९ बाय ९ आखून आधी त्याच्यावर मोजणी शिका, मग १९ उघडा.