रेडॉन मीटर: कूलरच्या घरात काम कमी, तळघरात भरपूर

हातात मावेल एवढा पांढरा डबा, पुढे जुन्या कॅल्क्युलेटरसारखा करडा पडदा, मागे ट्रिपल ए सेल. वायफाय नाही, ॲप नाही, शिट्टी नाही. कॅनडातल्या विनिपेगचा भाचा दिवाळीला जळगावला आला तेव्हा घेऊन आला. आपल्या पैशात दहा-बारा हजारांची वस्तू.

"हाई काय लई उना रे?" आमच्या सौ.

"मामी, जमिनीतून घरात येणारा वायू मोजतो."

"मंग टाकीजवळ ठेव."

तर पहिली गोष्ट हीच. स्वयंपाकाचा गॅस गळला तर हा डबा ढिम्म राहील. तो फक्त रेडॉन ओळखतो. रेडॉनला रंग नाही, वास नाही. दगड-मातीत थोडंफार युरेनियम सगळीकडेच असतं. त्याचं होतं रेडियम आणि रेडियमचा होतो रेडॉन. जमिनीच्या भेगांतून, फरशीच्या सांध्यांतून तो वर येतो. मोकळ्यावर विरून जातो, बंद खोलीत साठतो. खोकला, डोकेदुखी असं काही होत नाही, म्हणून कळतही नाही. श्वासावाटे त्याची किरणोत्सारी पिल्लावळ (तो फुटल्यावर तयार होणारे कण) फुप्फुसात बसते आणि धोका वर्षानुवर्षांचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय.

मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक होतो, त्यामुळे मला खरा रस आत काय आहे यात. आत एक छोटी पोकळी. हवा आपोआप आत झिरपते, रेडॉनचा अणू फुटला की त्यातून निघणारा अल्फा कण सेन्सरवर आदळतो आणि डबा तो मोजतो. पडद्यावरचा आकडा बेकरेलमध्ये असतो. १०० बेकरेल म्हणजे एका घनमीटर हवेत सेकंदाला १०० अणू फुटतात. ऐकायला खूप वाटतं, पण लिटरभर हवेत ते १० सेकंदांला एक होतं, आणि डब्यातली पोकळी लिटरपेक्षा कितीतरी लहान. म्हणून पहिल्या दिवशीचा आकडा वाटेल तसा उड्या मारतो. त्यावरून कोणी घाबरू नये आणि खुशही होऊ नये. कॅनडाचं सरकार तर घराची चाचणी किमान तीन महिने, तीही थंडीत, करायला सांगतं. घाई असलेल्या माणसाने हे यंत्र घेऊच नये.

आता आकडे. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये १५-२० च्या आसपास. स्वयंपाकघरात ग्रॅनाइटच्या ओट्यावर मुद्दाम ठेवला, कारण ग्रॅनाइटमध्ये युरेनियम जास्त असतं असं बरंच ऐकलं होतं. तिथेही फरक नाही. आणि आपल्या जमिनीखालचा काळा बेसाल्ट खडक युरेनियमच्या बाबतीत तसा गरीबच. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १०० ची, फारच अवघड असेल तर ३०० च्या वर नको. म्हणजे आम्ही निवांत.

तळमजल्यावरच्या एसीच्या खोलीत मात्र आकडा साठीला गेला. भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा फिरवत बसतो, बाहेरची घेत नाही. शेजारच्या खोलीत खिडकीला लावलेला, वाळ्याचे पडदेवाला आपला जुना कूलर. तो दिवसभर बाहेरची हवा आत ढकलतो आणि खिडकी उघडी ठेवल्याशिवाय चालत नाही. तिथे आकडा वरच्या हॉलइतकाच. कूलरच्या घरघरीला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, पण या बाबतीत मार्क त्यालाच.

खरा उपयोग झाला सराफ बाजारात. माझ्या एका मित्राच्या पेढीखाली तळघर आहे, तिजोरी तिथे आणि दोन कारागीरही दिवसभर तिथेच बसतात. तिथे आकडा २०० च्या वर स्थिरावला. मित्राने भिंतीला एक्झॉस्ट लावलेला होता, तोच रोग वाढवत असावा असं मला वाटलं. पंखा हवा बाहेर फेकतो, आत हवा यायला दुसरी वाट नाही, मग ती ओढ जमिनीतल्या भेगांवर येते. पंखा उलटा करून बाहेरची हवा आत घेतली, फरशीचे सांधे बुजवले, जिन्याचं दार दिवसा उघडं ठेवायला लावलं. दोनेक आठवड्यांनी आकडा ८० च्या खाली. एअर प्युरिफायर घेऊ का, म्हणून तो विचारत होता. घेऊ नको म्हटलं, हा वायू आहे, धुळीसारखा गाळणीत अडकत नाही.

त्यातला एक कारागीर बिडी ओढतो. त्याला मी एवढंच सांगितलं की तेवढ्याच रेडॉनमध्ये ओढणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्याच्या २५ पट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. "मंग पंखा कशाले फिरवला भाऊ?" हसत म्हणाला. बिडी अजून चालू आहे.

तक्रारी दोन. पुस्तिकेत लिहिलंय, ४० अंशांपर्यंतच वापरा. लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं भुसावळ पाहिलेलं नाही. दुसरं, डबा एका खोलीतून दुसरीकडे नेला की मागच्या छिद्रात पिन घालून रीसेट करावं लागतं, नाहीतर दोन्ही जागांची सरासरी एकत्र होते. हे पुस्तिकेत शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.

ऑनलाइन मागवणार असाल तर एकक पाहून घ्या. अमेरिकेसाठीचे डबे पिकोक्युरी या वेगळ्या एककात दाखवतात. तिथला १ म्हणजे आपले ३७, आणि त्यांची कारवाईची मर्यादा ४, म्हणजे १४८ बेकरेल. पडद्यावर २.१ पाहून "काहीच नाही" समजू नका.

पाचपैकी साडेतीन तारे. उघड्या-वाघड्या, कूलरच्या घराला विकत घ्यायची गरज नाही, कुणाचा तरी मागून आणा. तळघरात दुकान, गोदाम किंवा अभ्यासिका असेल तर घ्या. चार जणांत मिळून घेतला तरी चालेल, एका जागी कायम ठेवायची वस्तू नाही ही.